खेड्यात राहून डबल बेस? जमते, पण उन्हाळ्याचा हिशोब आधी कर

भाऊ, तुझा प्रश्न पूर्ण वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगून टाकतो: हा पोरगा दारव्ह्याजवळच्या गावातला, भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवतो, झाकीरभाईंच्या तबल्यासोबत एडगर मायरला डबल बेस (व्हायोलिनसारखं दिसणारं, माणसाएवढं उंच वाद्य) वाजवताना मोबाइलवर बघितलं आणि तेव्हापासून याचं चित्त थाऱ्यावर नाही. आता विचारून राहिला की जवळपास शिकवणारा नाही, वाद्य कधी डोळ्यानं पाहिलं नाही, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, तर हे जमेल का, घ्यायचा तर कोणता, टिकेल का, आणि आपल्या भजन-भीमगीतात त्याचं काय काम.

मी वणीकडचा. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, सीझनमध्ये बेस गिटार घेऊन ऑर्केस्ट्रात उभा असतो आणि घरी मागच्या खोलीत डबल बेस. डबल बेसवर मी आजपर्यंत एक रुपया कमावला नाही आणि कमवायचा विचारही नाही, म्हणून हे हौशी माणसाचं सांगणं आहे, तेवढं धरून वाच.

जमते का, तर जमते. आणि यातली जी सगळ्यात मोठी अडचण आहे, म्हणजे सूर, त्यात तू मुंबई-पुण्याच्या पोट्ट्यांपेक्षा पुढं आहेस. तेच आधी सांगतो, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

डबल बेसला फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नसतात हे तुला माहीत आहे, पण त्याचा खरा अर्थ हातात घेतल्यावर कळते. तुझ्या बेस गिटारची स्केल (मोकळ्या तारेची लांबी) ३४ इंच, म्हणजे ८६ सेंमी. नेहमीच्या डबल बेसची तार १०५ सेंमीच्या आसपास (दुकानात त्याला थ्री-फोर, म्हणजे ३/४ साइज म्हणतात, लहान पोरांचा नसतो, मोठी माणसंच वाजवतात, नावावर जाऊ नको). मोकळ्या तारेपासून पहिला अर्धा सूर बेस गिटारवर पाच सेंमीच्या आत येते, इथं जवळपास सहा सेंमीवर. एवढ्या पसाऱ्यात चार बोटं चार अर्ध्या सुरांवर बसतच नाहीत, म्हणून खालच्या पट्ट्यात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरायचं आणि तिसरं बोट चौथ्याला नुसता टेकू द्यायला. ही पद्धत १९ व्या शतकात व्हिएन्नात शिकवणाऱ्या फ्रान्झ सिमांडलच्या नावानं चालते आणि आजही बहुतेक जण तीच शिकतात. म्हणजे हात एका जागी ठेवला की पहिल्या बोटापासून चौथ्यापर्यंत फक्त सा ते शुद्ध रे एवढंच अंतर. त्याच्या पुढं जायचं तर हात हलवा नाही तर तार बदला, आणि हात हलला की कुठं थांबायचं हे सांगायला खाली काहीच नाही, कान सांगेल तेच.

आता शहरातला पोरगा हे ट्यूनरच्या हिरव्या लाइटकडं बघत बघत शिकते. तुझ्या गावात भजन मंडळ असेलच, खंजिरी असेल, पेटी असेल. तिथं कुणी काळी एकमध्ये गाते, कुणी पांढरी चारमध्ये, एखादा म्हातारा काळी पाचशिवाय तोंडच उघडत नाही, आणि कुणी तुला आधी सांगत नाही की पुढचं भजन कशात आहे. तिथं छोटा अँप घेऊन जाऊन बस. समोर कागद नाही, कॉर्ड नाही, सा बदलला की सगळं बदललं. बेसच्या चारही तारा ई, ए, डी, जी अशा सा-म च्या अंतरानं लावलेल्या असतात म्हणून बोटांचा आकार तोच ठेवून हात सरकवला की काम होते, पण सा कुठं आहे हे दोन सेकंदात पकडायला कान लागतो आणि तो कान असा रोजच्या बैठकीतच तयार होते. एवढं करून जो डबल बेसवर येते त्याचं अर्धं शिकणं झालेलं असते.

एक गोष्ट फक्त ध्यानात ठेव. पेटीचा शुद्ध ग तानपुऱ्यात घुमणाऱ्या ग पेक्षा १४ सेंट चढा असतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धा सूर). फ्रेटवाल्या बेसवर तुला याचं काही करताच येत नव्हतं, डबल बेसवर येते. पेटीसोबत वाजवताना मुकाट्यानं पेटीला जुळव, तिथं शहाणपणा दाखवायचा नाही. घरी एकट्यानं रियाज करताना तानपुऱ्याचं अॅप लाव, त्यावर आधी नुसता सा, मग प, मग वरचा सा, मग म. ग-नी ची घाई करू नको. सूर थोडा जरी हलला असेल तर दोन आवाजांच्या मधात लाटा ऐकू येतात, वाँव वाँव असं, आणि सूर बसला की त्या लाटा थांबतात. खालच्या सप्तकात या लाटा लय हळू चालतात म्हणून घाईघाईनं वाजवलेल्या सुरात कळतच नाहीत, लांब धरून ऐकावं लागते. म्हणून बो (तारेवर फिरवायचा गज) पाहिजे, ते पुढं सांगतो.

वाद्य सुरात लावणंही असंच कानानं करायचं. सगळ्यात खालची ई तार ४१ हर्ट्झची, मोबाइलच्या माइकवरचं ट्यूनर अॅप तिथं बहुतेक वेळा भरकटते. सोपी रीत अशी की ई तारेच्या चौथ्या हिश्श्यावर (तुझ्या भाषेत पाचव्या फ्रेटवर) बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (शिट्टीसारखा वरचा सूर) काढ आणि ए तारेच्या तिसऱ्या हिश्श्यावर (सातव्या फ्रेटवर) दुसरा, दोन्ही सूर एकच यायला पाहिजेत. तसंच पुढं ए-डी आणि डी-जी. हे तू आजपासूनच बेस गिटारवर करू शकतोस, करतही असशील.

कोणता घ्यायचा? माझं उत्तर तुला आवडणार नाही. आता लगेच घेऊच नको. आधी एक फ्रेटलेस बेस गिटार घे किंवा जुन्या बेसचे फ्रेट काढून खाचा भरून घे, त्याला फ्लॅटवाउंड तारा लाव, म्हणजे गुळगुळीत पट्टीच्या, आणि वर्षभर त्यावर भजनात बस. आवाज डबल बेसचा येत नाही, उगाच तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नको, पण सूर पकडायची सवय लागते आणि खर्च थोडक्यात भागते. वर्षभरानंतरही डोक्यातून गेलं नाही तर मग डबल बेस घे. नवा घ्यायचा म्हटलं तर बो, बॅग, सेटअप धरून लाखाच्या खाली सहसा भागत नाही, नुसत्या चांगल्या तारांचा सेट दहा हजाराच्या वर जाते. स्टीलच्या तारा मात्र वर्षानुवर्षं चालतात, गिटारसारख्या दर सीझनला बदलाव्या लागत नाहीत, तो एक दिलासा.

आणि घेशील तेव्हा प्लायवुडचा घे. इंटरनेटवर लोक म्हणतात अखंड लाकडातून कोरलेलाच खरा, प्लायवुडचा म्हणजे कामचलाऊ. त्यांना बोलू दे. त्यांच्या गावात मे महिना वेगळा असतो. कोरलेल्या बेसचा आवाज खोल असतो यात वाद नाही, बो लावला की फरक लगेच कळते. पण आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी होते की खिडकीचे पल्ले आखडतात, आणि जुलै लागला की तेच पल्ले फुगून बसतात. हेच सगळं वाद्याच्या लाकडात होते. कोरलेल्या बेसचा पुढचा पाट म्हणजे स्प्रूस नावाच्या लाकडाच्या दोन फळ्या जोडलेल्या, एवढ्या मोठ्या पाटाला एका दिशेनं आखडायला लागलं की चीर पडायला वेळ लागत नाही. प्लायवुडमध्ये थर आडवे-उभे असतात म्हणून ते एकमेकांना धरून ठेवतात. त्यावर तारांचा ताण आहेच, चारही मिळून शंभर किलोच्या वर.

प्लायवुडचा घेतला म्हणजे चिंता मिटली असंही नाही. जोड तर सरसानेच चिकटवलेले असतात (निदान चांगल्या वाद्यात) आणि सरस मुद्दामच असा वापरतात की ताण आला तर लाकूड फाटायच्या आधी जोड सुटावा. उन्हाळ्यात एखाद्या दिवशी बेसच्या कडेला बोटानं टकटक केलं आणि एका जागी खुळखुळ आवाज आला तर समज तिथं जोड सुटला. घाबरायचं काम नाही, हे दुरुस्त होते. फक्त गावच्या सुताराकडं नेलं की तो पहिले फेविकॉलची बाटली काढते, तिथं त्याचा हात धर. फेविकॉल पक्का बसते, आणि तेच वाईट आहे. पुढच्या वेळी ताण आला की जोड सुटत नाही, लाकूड फाटते, आणि कधी वाद्य उघडायचं झालं तर उघडतही नाही. जुन्या सुतारांना सरस शिजवता येतो, भांड्यात पाणी आणि त्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून, असा एखादा म्हातारा मिस्त्री आजूबाजूच्या गावात शोधून ठेव. वाद्य घ्यायच्या आधी शोध.

उन्हाळ्यात वाद्य ठेवायचं कुठं? कूलरच्या खोलीत. लोक हसतात, पण आपला वाळ्याच्या नाही तर लाकडी गवताच्या ताट्यांचा डेझर्ट कूलर हे मे महिन्यात वाद्यासाठी फार कामाचं यंत्र आहे, कारण तो हवेत पाणी सोडते. वाद्याला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. थेट झोत पडायला नको, कोपऱ्यात उभा नाही तर कुशीवर निजवून ठेव आणि खोलीत आर्द्रता मोजायचं काही शे रुपयांचं हायग्रोमीटर टांग. पावसाळा लागला आणि हवा दमट झाली की कूलर बंद. एसी लावत असशील तर उलटं होते, एसी हवा अजून कोरडी करते. लाइट गेली आणि कूलर दिवसभर बंद राहिला तर खोलीत ओला टॉवेल टांगून ठेवतो मी. तुझी वहिनी म्हणते, "पोराले ताप आला तं एवढी धावपळ केली नाही तुमी."

उन्हात उभ्या गाडीत वाद्य कधीच सोडायचं नाही, चहा प्यायला सुद्धा नाही. बंद गाडीत मे महिन्यात सरस मऊ पडते आणि वर तारांचा ताण असतो, मान सुटून हातात येऊ शकते.

दोन छोट्या गोष्टी इथंच सांगतो. एक, तारा बदलताना एकेक बदल, चारही एकदम सैल केल्यास तर आतला साउंडपोस्ट (पुढच्या आणि मागच्या पाटाच्या मधात उभा दांडू) पडते. तो कुठं चिकटवलेला नसते, नुसत्या दाबावर उभा असते, आणि पुन्हा जागेवर बसवणं हे वेगळंच काम आहे. दोन, ब्रिजला (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) उंची कमी-जास्त करायच्या चकत्या बसवलेला बेस मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. पावसाळ्यात पाट फुगते, तारा बोर्डापासून (ज्यावर बोटं दाबायची ती पट्टी) वर जातात आणि बोटं दुखायला लागतात, उन्हाळ्यात तारा खाली येऊन खरखरतात. चकत्या असल्या की तू स्वतः फिरवून घेशील, नाही तर दर हंगामाला कुणाला बोलवत बसशील.

रोझिनचं, म्हणजे बो ला लावायच्या राळेचं पण असंच. डबल बेसचं रोझिन व्हायोलिनच्या रोझिनपेक्षा मऊ आणि चिकट असते, जाड तारेला धरायला तसंच लागते. त्यातलं जे फार मऊ येते ते आपल्या उन्हाळ्यात डबीत आडवं ठेवलं की सकाळपर्यंत वाहून जाते. थोडं कडक प्रकारातलं मागव, डबी उभी ठेव, आणि बॅगच्या कपड्यांच्या खणात टाकू नको.

बो बद्दल बोलू. जॅझ ऐकून येणारे बहुतेक जण म्हणतात मला बो नाही शिकायचा, मी बोटांनीच वाजवणार. माझं मत, पहिल्या दिवसापासून बो हातात घे, मग पुढं आयुष्यभर बोटांनी वाजव. बोटानं छेडलेला सूर लगेच विरायला लागते, तो थोडा बेसूर असला तरी खपून जाते, ऐकणाऱ्याला कळत नाही आणि तुलाही कळत नाही. बो नं धरलेला सूर तुझ्यासमोर उभा राहते, त्याचा खोटेपणा लपत नाही. बो दोन पद्धतीचे, फ्रेंचमध्ये हात वरून असतो आणि जर्मनमध्ये खालून, हस्तांदोलन केल्यासारखा. दोन्हीत मोठे वादक झाले. गुरूशिवाय शिकणाऱ्याला मी जर्मन सांगतो, मनगट आणि खांदा कमी आखडते असा माझा अनुभव आहे. जवळच्या शहरात व्हायोलिन शिकवणारे असतात, आपल्याकडे बहुतेक हिंदुस्थानी पद्धतीचे, मांडी घालून वाजवणारे. त्यांची पकड वेगळी, बैठक वेगळी, पण बो तारेला काटकोनात कसा राहतो आणि दाब-वेग-जागा यांचं गणित कसं असते हे त्यांच्याकडून शिकता येते, महिन्यातून एकदा जाऊन ये. बाकीचं ऑनलाइन शिक आणि स्वतःचा व्हिडिओ काढून बघत जा, आरशापेक्षा व्हिडिओ बरा, त्यात आवाज पण कळते.

बोटानं वाजवताना गिटारसारखं टोकानं छेडू नको, तर्जनीची कड तारेवर आडवी ठेवून हाताच्या वजनानं ओढ. सुरुवातीला फोड येतील, फोडावर वाजवायचं नाही, एवढंच. डाव्या हातानं तार चिमटीत दाबू नको, अंगठा मानेमागं नुसता राहू दे, दाब खांद्या-पाठीतून यायला पाहिजे. मनगट दुखलं तर थांब. वावरात फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवस काढला असेल तर त्या संध्याकाळी पंधरा मिनिटं बो, बस, पाठीवर अजून भार नको.

आता ऐकण्याचं. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून तू या वाद्याच्या प्रेमात पडलास म्हणजे कमालच आहे, कारण त्या बारक्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं काही धड येतच नाही. वरचे हार्मोनिक ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढते. तू जे ऐकलंस त्यातला अर्धा भाग तुझ्या डोक्यातच वाजला. वायरवाले बरे इयरफोन घे आणि तेच पुन्हा ऐक.

काय ऐकायचं? मायरपासून सुरुवात झालीच आहे, तर त्यांचं बेला फ्लेक, झाकीर हुसेन आणि राकेश चौरसिया यांच्यासोबतचं काम पूर्ण ऐक, २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. बासरी, बँजो, तबला आणि बो चा बेस, आणि कोणी कोणाच्या अंगावर येत नाही. मग मागं जा. जोव्हान्नी बोत्तेसिनी, १८२१ ते १८८९, इटलीचा. गरीब घरातला, मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीत शिष्यवृत्ती उरली होती फक्त बसून (bassoon, फुंकून वाजवायचं वाद्य) आणि डबल बेसची, म्हणून याने डबल बेस धरला, आणि पुढं त्यावर असं वाजवलं की लोक त्याला डबल बेसचा पॅगानिनी (व्हायोलिनचा नावाजलेला उस्ताद) म्हणायचे. व्हेर्दीच्या आयडा या ऑपेराचा पहिला प्रयोग १८७१ मध्ये कैरोत झाला तेव्हा कंडक्टर तोच होता. बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात गाणारे उभे राहायच्या आधी चेलो आणि बेस मिळून जे बोलल्यासारखं वाजवतात ते ऐक, आणि माहलरच्या पहिल्या सिंफनीचा तिसरा भाग, तिथं एकटा डबल बेस सुरुवात करतो, खूप वरच्या पट्टीत, मुद्दाम अवघडलेला आवाज.

जॅझमध्ये जिमी ब्लँटन आधी. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये १९३९ ला आला, तोपर्यंत बेसवाला मागं उभा राहून ठोके देत होता, यानं बेसवर सनई-सारंगीसारखी वाक्यं बोलून दाखवली, आणि १९४२ ला क्षयानं गेला, २३ व्या वर्षी. तुझ्याच वयाचा. त्यानंतर रे ब्राउन, पॉल चेंबर्स, चार्ल्स मिंगस, रॉन कार्टर, याच क्रमानं ऐक असं काही नाही. मी स्वतः रे ब्राउनवर अडकून पडलो, चार ठोक्यांचं साधं चालणं इतकं सरळ आणि तरी एवढं जिवंत कसं राहते हे अजून पुरतं समजलेलं नाही.

आणि आपलं पण विसरू नको. पन्नास-साठच्या दशकातली हिंदी गाणी इयरफोन लावून फक्त खालून ऐक, गायक-गायिकेकडं लक्षच देऊ नको. मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा बेस म्हणजे डबल बेसच, आणि त्या ऑर्केस्ट्रात गोव्याची माणसं लय होती. शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा, त्यांच्या अरेंजमेंटमध्ये खालचा सूर गाण्याच्या विरुद्ध दिशेनं कसा चालते ते बघ. पुढं आर. डी. बर्मनकडं टोनी वाझ आले तोपर्यंत बेस गिटारचा जमाना लागला होता. ते होणारच होतं, लिओ फेंडरनं १९५१ मध्ये बेस गिटार आणली ती याचसाठी की डबल बेस वाहून न्यायला जड, ढोल-ट्रम्पेटपुढं ऐकू येत नाही, आणि सूर धरायला अवघड. त्यानं या तिन्ही कटकटी मिटवल्या आणि तू आता पैसे देऊन त्या परत घरी आणणार.

मुंबईला एकदा जाऊन ये. नरिमन पॉइंटला एनसीपीए आहे, तिथं २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांचे कार्यक्रम कधी आहेत बघून बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसनं जा (आपली शकुंतला रेल्वे चालू असती तर दारव्ह्यातूनच गाडीत बसला असतास, असो). बेसवाल्यांची रांग दिसेल अशी जागा पकड. सगळे बेस मिळून हळू आवाजात एक लांब सूर धरतात तेव्हा तो पायातून येते, रेकॉर्डिंगमध्ये हे मिळत नाही. लाख रुपये घालायच्या आधी तिकिटाचा खर्च म्हणजे काहीच नाही. कार्यक्रम संपल्यावर एखाद्या वादकाला नम्रपणे विचार, मराठीत, हिंदीत, जसं येईल तसं, बेसवाले बहुतेक बोलतात, त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

आपल्या गाण्यात काम काय? घरच्या बैठकीत, भजनात, आहे. स्टेजवर, मला विचारशील तर जवळपास नाही. भजनात डबल बेसची खरी टक्कर पेटीशी नाही, डग्ग्याशी आहे. डग्गा खाली घुमतो आणि घसरतो, त्याच जागेत तू पण घुमलास की दोघांचा चिखल होते. म्हणून तबलेवाल्याच्या डाव्या हाताकडं बघत वाजव. केहरव्यात त्याचा डग्गा जिथं घुमला तिथं तू गप्प राहा, जिथं तो मोकळं सोडतो तिथं तुझा सा नाही तर प. खंजिरीच्या भजनात डग्गा नसेल तर जागा भरपूर, पण तरी सम आणि खाली एवढंच धर, शब्द ऐकू आले पाहिजेत, लोक राष्ट्रसंतांचे शब्द ऐकायला आले असतात. माझ्या इथल्या मंडळातले एक बुवा पहिल्यांदा वाद्य पाहून म्हणाले, "हे कायचं कपाट आणलं बाप्पा?" आता नेलं नाही तर विचारतात.

स्टेजवर बेस गिटारच ने. मोठ्या मंडपात १८ इंची सबवूफर, ऑक्टोपॅडचा किक, कीबोर्डवाल्याचा डावा हात, आणि साउंडवाल्याला सगळं डीजेसारखं पाहिजे, तिथं डबल बेसचा पोकळ डबा स्पीकरचा आवाज पकडून घूं घूं करायला लागते. न्यायचाच असेल तर ब्रिजखाली पिएझो पिकअप, त्याला एक मेगाओहम किंवा जास्त इनपुटचा प्रीअँप, ४० हर्ट्झच्या खाली कापणारा हाय-पास फिल्टर, आणि एफ-होलमध्ये (पुढच्या पाटावरच्या f आकाराच्या भोकांत) फोमचे तुकडे कोंब, तरच उभा राहशील. झाडीपट्टीच्या नाटकांत मात्र मला वाटते याला जागा निघू शकते. वडसा-गडचिरोलीकडं दिवाळीनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) लागल्या की रात्रभर नाटकं चालतात, बाजूला जिवंत संगीत असते, शांत प्रसंगही असतात, आणि प्रेक्षक मन लावून बसतात. आपल्याच मातीतली ही रंगभूमी, २०२३ ला परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा बाकी महाराष्ट्राला जरा जाग आली. एखाद्या ओळखीच्या पेटीवाल्याला धरून एखादा प्रयोग करून बघ, पैशाची अपेक्षा न ठेवता.

स्टेजचं निघालंच आहे तर माझ्या धंद्यातलं एक, आणि हे गमतीत घेऊ नको. गावच्या मंडपात अर्थिंग नसते. आकडा टाकून नाही तर जनरेटरवर काम चालू असते, फेज-न्यूट्रल उलटे असतात. बेस गिटारच्या तारांना हात आणि माइकला ओठ, या दोन गोष्टींच्या मधात करंट असू शकतो. वाजवायच्या आधी टेस्टर लाव, अँपच्या बॉडीला, माइकच्या जाळीला. घूं आवाज येतो म्हणून थ्री-पिनची मोठी पिन कापणारे महाभाग मी पाहिले आहेत, ते कधीच करू नको. घूं घालवायला ग्राउंड-लिफ्टवाला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सरच्या मधात लावायचा डबा) मिळतो, तो घे.

पैशाचं सरळ सांगतो. १४ एप्रिल, गणपती, शारदा-दुर्गा, लग्नं, यातून बेस गिटार थोडंफार कमावून देते आणि त्यातूनच डबल बेसच्या तारा येतात. दोन्हींना एकमेकांचा राग नाही. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापूस वेचायच्या दिवसात रियाज बुडेल, माझाही मोटारी जळायच्या सीझनमध्ये बुडते, रात्री थ्री-फेज सोडली की सकाळी दुकानापुढं रांग. त्या दिवसांत दहा मिनिटं नुसत्या मोकळ्या तारांवर बो फिरवायचा, डाव्या हाताला सुट्टी. तेवढ्यानं हात जाग्यावर राहते.

जुना बेस बघायला जाशील तेव्हा काय बघायचं ते लिहून ठेव. सगळ्या कडेला बोटानं ठोकत जा, खुळखुळ कुठं येते ते ऐक. मान जिथं धडाला जोडली आहे तिथं बारीक भेग किंवा नवीन रंग दिसला तर सावध. बोर्डावरून एका डोळ्यानं बघ, पिळलेला नको, थोडा खोलगट चालते. प्रत्येक तारेवर खालून वरपर्यंत एकेक सूर हळू वाजवून बघ, कुठं खरखर आहे, कुठं आवाज एकदम मरतो. एफ-होलमधून मोबाइलचा टॉर्च मारून आत बघ, फेविकॉलचे पांढरे ओघळ दिसले तर किंमत पाड नाही तर सोड. आणि गाडी बोलेरो पिकअप सांग, एसटीत नेता येत नाही, कंडक्टर चढूच देणार नाही. मागं गादी टाकून कुशीवर निजव, ब्रिज खाली येणार नाही असा, वरून साधी कोरडी चादर आणि ताडपत्री, आणि निघायचं ते पहाटे. त्याआधी घरच्या दाराची चौकट मोजून घे, वाद्य १८० सेंमी उंच असते आणि आपल्या जुन्या मातीच्या घरांची दारं त्याहून बुटकी निघतात, तिरपं करून आत न्यायला आत वळायला जागा आहे का तेही बघ.